भाकीत करणाऱ्यांचा हिशेब कसा ठेवावा: नाशिककरांसाठी पडताळणीची पद्धत

सिंहस्थ जवळ येऊ लागला की पंचवटीपासून त्र्यंबकेश्वरापर्यंत रस्त्यांची कामे निघतात आणि त्यांच्याच जोडीने भाकितेही निघतात. २०२६-२७ च्या पर्वाच्या तोंडावर कोणत्या महाराजांना दृष्टांत झाला, कोणत्या बाबांनी महामारी आधीच सांगितली होती, कोणाच्या मते गोदाकाठी काय अघटित घडणार आहे, अशा चित्रफिती घरोघरच्या व्हॉट्सअॅप गटांवर फिरत राहतात. त्या खऱ्या की खोट्या यावर घरात वाद होतो आणि बहुधा ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो. त्याऐवजी हाती वही घेऊन काय करता येईल, ते या लेखात क्रमाने सांगितले आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. रामकुंडावर श्रद्धेने स्नान करणारा माणूस आणि ‘मला पुढचे दिसते’ असे सांगून त्या बळावर लोकांकडून पैसा, मान किंवा आज्ञापालन मागणारा माणूस, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. येथे विचार फक्त दुसऱ्याचा आहे. त्याच्या अंगी सिद्धी आहे की नाही, या वादात शिरू नये. तो वाद सिद्ध करण्यासारखा नसतो आणि नेमका म्हणूनच त्याला तो हवा असतो. भाकीत मात्र तपासता येते. त्यासाठी अट एकच आहे: काय घडले, किंवा काय घडले नाही, म्हणजे हे भाकीत चुकले असे मानायचे, ते घटनेच्या आधी लिहून ठेवले पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या ही एक अट पाळता यावी म्हणून आहेत.

पहिली पायरी: मूळ वाक्य आणि त्याची तारीख

‘त्यांनी हे आधीच सांगितले होते’ असे कोणी म्हटले की पहिला प्रश्न विचारावा: कोठे, केव्हा, नेमक्या कोणत्या शब्दांत? निम्म्याहून अधिक दावे येथेच गळतात, असा माझा अनुभव आहे. बल्गेरियातील भविष्यवेत्त्या बाबा वांगा (१९११–१९९६) यांच्या नावाने दर डिसेंबरात पुढील वर्षाची यादी छापून येते. पण त्यांनी स्वतः भाकितांचे पुस्तक लिहिलेले नाही. जे काही आहे ते इतरांनी ‘त्या असे म्हणाल्या होत्या’ म्हणून सांगितलेले, आणि ते दरवर्षी वाढत जाते. २०१० मध्ये तिसरे महायुद्ध सुरू होईल, हेही त्यांच्याच नावावर खपवलेले भाकीत होते. ते आता अशा याद्यांत सहसा आढळत नाही.

नॉस्ट्राडेमसचे तसे नाही. सोळाव्या शतकातील या फ्रेंच वैद्याच्या चौपदींची पहिली आवृत्ती १५५५ मध्ये छापली गेली, त्यामुळे मूळ ताडून पाहता येते. तरीही ११ सप्टेंबर २००१ च्या न्यूयॉर्कमधील हल्ल्यानंतर जगभर फिरलेली ‘देवाच्या नगरीत मोठा गडगडाट होईल’ या अर्थाची ओळ त्याची नव्हतीच. ती १९९७ मध्ये कॅनडातील एका विद्यार्थ्याने लिहिली होती, आणि तीही संदिग्ध ओळी कोणत्याही घटनेला कशा चिकटवता येतात हे दाखवण्यासाठी. पुढे त्या ओळींना आणखी भर घालून लोकांनी त्या खऱ्या मानल्या.

म्हणून चित्रफीत आली की ती प्रथम कोठे आणि कोणत्या दिवशी चढवली गेली, ते शोधावे. यूट्यूबवर चित्रफितीचे शीर्षक आणि वरचे चित्र नंतर बदलता येते, चढवल्याची तारीख मात्र दिसत राहते. म्हणून शीर्षकावर जाऊ नये, आतले बोलणे ऐकावे आणि कितव्या मिनिटाला कोणते शब्द आले ते टिपून ठेवावे. टेलिग्रामवरील संदेश नंतर दुरुस्त करता येतो. फेसबुकवर पोस्ट आधी स्वतःपुरती ठेवून सोयीच्या वेळी सर्वांसाठी खुली करता येते: वर्षाच्या सुरुवातीला चाळीस परस्परविरोधी भाकिते लिहून ठेवायची, बरोबर आलेली तेवढी उघड करायची आणि उरलेली पुसून टाकायची, हा खेळ अशाच सोयीवर चालतो. ज्या पानाविषयी शंका असेल ते इंटरनेट अर्काइव्हच्या संकेतस्थळावर जतन करावे आणि त्याचे छायाचित्र स्वतःला ईमेलने पाठवावे, म्हणजे तारखेचा पुरावा आपल्या हाती राहतो.

दुसरी पायरी: वाक्य फोडून पाहणे

समजा, कोणी असे म्हटले आहे: ‘श्रावणात गोदामाई कोपेल, मोठ्या पदावरील एक व्यक्ती जाईल आणि पश्चिमेकडून अशुभ वार्ता येईल.’ ऐकायला यात तीन ठाम भाकिते आहेत. आता शब्दाशब्दाला बोट लावून पाहावे. ‘कोपेल’ म्हणजे किती पाणी? पात्रातली छोटी मंदिरे बुडाली तरी कोप, की सराफ बाजारात पाणी शिरले तरच कोप? ‘मोठे पद’ सरपंचापासून राष्ट्रपतींपर्यंत कोणतेही असू शकते. ‘जाईल’ या क्रियापदात मृत्यू, राजीनामा, बदली, अटक आणि पक्षांतर असे सगळे मावते. नाशिकच्या पश्चिमेला त्र्यंबक आहे, मग समुद्र, मग आखाती देश आणि थेट युरोप. तिकडून वर्षभरात एकही वाईट बातमी आली नाही, असे एक तरी वर्ष दाखवता येईल का? थोडक्यात, हे वाक्य चुकूच शकत नाही, आणि जे चुकू शकत नाही त्यातून काहीच कळत नाही.

तपासण्याजोगे भाकीत कसे असते, हे सांगायला गोदाघाटाइतकी चांगली जागा दुसरी नाही. पावसाळ्यात अख्खे नाशिक पुराची पातळी घाटावरील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजते: पाणी गुडघ्याला लागले, कमरेला आले, गळ्यापर्यंत चढले, डोक्यावरून गेले. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडले आणि होळकर पुलाखालून किती वाहते आहे, हे आकडेही रोज जाहीर होतात. तेव्हा ‘गोदामाई कोपेल’ म्हणणाऱ्याला नम्रपणे विचारावे की महाराज, पाणी मारुतीच्या कोठपर्यंत येईल, आणि कोणत्या दोन तारखांच्या दरम्यान? ज्याला खरेच दिसते त्याला हे सांगण्यात अडचण असू नये. ‘असे प्रश्न विचारायचे नसतात’ हे उत्तर आले, तर तेच उत्तर वहीत लिहून ठेवावे.

वहीतील नोंद अशी असावी. डाव्या पानावर भाकीत शब्दशः, कोणी केले, कोठे ऐकले, आणि ऐकल्याची तारीख. उजव्या पानावर मुदत. मग ‘चुकले कधी म्हणायचे’ या शब्दांखाली एक वाक्य, उदाहरणार्थ, ‘३१ ऑगस्टच्या रात्री बारापर्यंत पाणी मारुतीच्या डोक्यावरून गेले नाही तर चुकले’. त्याखाली ‘कोणीही केला असता असा अंदाज’; तो काय, हे तिसऱ्या पायरीत येईल. आणि तळाशी निकालासाठी रिकामी ओळ. नोंदीवर घरातील आणखी एका माणसाची सही घ्यावी, शक्यतो त्या महाराजांना मानणाऱ्याची. ही सही फार महत्त्वाची आहे, कारण नंतर ‘त्यांना तसे म्हणायचे नव्हते’ हा मुद्दा मुदत संपल्यावर निघतो, आधी कधीच निघत नाही.

व्यक्तिगत भविष्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. ‘तुम्ही मनाने चांगले आहात, पण लोक गैरफायदा घेतात, पैसा येतो पण टिकत नाही’ हे ऐकताना प्रत्येकाला ते आपल्याविषयीच आहे असे वाटते. १९४८ मध्ये बर्ट्राम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमच्या स्वभावाचे वर्णन’ म्हणून कागद दिले आणि ते किती जुळते याला ५ पैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी ४.२६ आली. सर्वांच्या कागदावर एकच मजकूर होता. घरी करून पाहायचे असेल तर तीन-चार जणांनी एकाच ज्योतिषाकडून आपापली स्वभाववर्णने लिहून घ्यावीत, त्यांवरील नावे, वय, व्यवसाय काढून टाकावे, कागद मिसळावे आणि प्रत्येकाने आपला ओळखावा.

तिसरी पायरी: कोणीही केला असता असा अंदाज

भाकीत बरोबर आले, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. ते दिव्यदृष्टीवाचूनही बरोबर आले असते का, हे पाहावे लागते. जगात ७ किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे भूकंप वर्षाला सरासरी १५ च्या आसपास होतात आणि ६ च्या वरचे शंभराहून जास्त. म्हणजे ‘येत्या दोन महिन्यांत एका देशात मोठा भूकंप होईल’ हे वाक्य कोणत्याही दिवशी, कोणीही, निर्धास्तपणे उच्चारू शकतो. भूकंपाच्या भाकिताला तारीख, ठिकाण आणि तीव्रता या तिन्ही गोष्टी लागतात; त्या तिन्ही आधी सांगून मोठा भूकंप कोणीही वर्तवलेला नाही, शास्त्रज्ञांनीही नाही. दिंडोरी रस्त्यावरील ‘मेरी’ (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) या संस्थेतील यंत्रे जिल्ह्यातील धक्के नोंदवतात, पण ते झाल्यावर; आणि ती संस्था त्याहून अधिक दावा करत नाही.

सिंहस्थाच्या बाबतीत हा मुद्दा विशेष लक्षात ठेवावा. नाशिकची मुख्य स्नाने श्रावण-भाद्रपदात येतात. त्या काळात गोदावरीला पाणी वाढणे ही बातमी नव्हे. शहराने १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर पाहिले आहेत, त्याशिवाय मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी येण्याचे प्रसंग तर कितीतरी. तसेच लाखोंच्या गर्दीत कोणीतरी हरवेल, कोणीतरी आजारी पडेल, कोठेतरी धक्काबुक्की होईल, हे सांगायला दृष्टांत लागत नाही. २००३ च्या चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचे प्राण गेले, त्यामागची कारणे गर्दीच्या नियोजनात शोधायची असतात.

शेतकरी वाचकांसाठी पंचांगातील पावसाचे उदाहरण घेतो, कारण ते आपल्या जिल्ह्यात डोळ्यांसमोर तपासता येते. सूर्य नक्षत्र बदलतो तेव्हा त्या नक्षत्राचे वाहन दिलेले असते: बेडूक, हत्ती किंवा म्हैस आली तर चांगला पाऊस, कोल्हा किंवा मेंढा आला तर ओढ, असा साधारण समज आहे. आता नाशिक जिल्ह्याचा नकाशा पाहावा. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि येवला, मालेगावाकडे पाचशेच्या आसपास. दोन्हीकडे पंचांग तेच, नक्षत्र तेच, वाहनही तेच. मृगाचे वाहन हत्ती असेल आणि इगतपुरीत धो धो कोसळून येवल्यात धूळ उडत असेल, तर भाकीत खरे की खोटे? व्यवहारात असे होते की इगतपुरीचा माणूस खरे म्हणतो आणि येवल्याचा माणूस ‘यंदा पंचांगात काही राम नाही’ म्हणून गप्प बसतो. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळच्या अक्षय्य तृतीयेच्या घटमांडणीबाबतही हेच करावे. परंपरा म्हणून ती पाहायला जरूर जावे, पण ‘पाऊस सर्वसाधारण, पिके मध्यम’ या निष्कर्षावर द्राक्षबागेची छाटणी ठरवू नये. ज्याला वहीत मांडायचे आहे त्याने आपल्या महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचा आकडा घ्यावा आणि नक्षत्रानुसार तेरा-चौदा दिवसांची बेरीज वाहनासमोर लिहावी. चार-पाच पावसाळे पुरेसे आहेत.

चौथी पायरी: उपायाची पळवाट आधीच बंद करणे

सगळ्या पळवाटांत ही सर्वांत भक्कम आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. ‘तुमच्या घरावर मोठे संकट आहे, पण ही शांती केली तर टळेल.’ शांती केली आणि काही झाले नाही, तर उपाय लागू पडला. शांती केली आणि तरीही काही झाले, तर ती श्रद्धेने केली नाही किंवा संकट याहून मोठे होते. शांती केली नाही आणि काही झाले, तर आधीच सांगितले होते. केली नाही आणि काहीच झाले नाही, तर माणूस पुन्हा विचारायला जातच नाही. चारही दारे महाराजांच्याच अंगणात उघडतात.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच देशात घडले आहे. ३ ते ५ फेब्रुवारी १९६२ या दिवसांत सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू हे मकर राशीत एकत्र आले. या अष्टग्रहीमुळे प्रलय होईल, अशी भाकिते देशभर झाली. ठिकठिकाणी यज्ञ झाले, लोकांनी प्रवास आणि मंगलकार्ये पुढे ढकलली. तीन दिवस गेले, काहीही झाले नाही. मग सांगण्यात आले की यज्ञांमुळे अरिष्ट टळले. पुढे ऑक्टोबरात चीनने आक्रमण केले तेव्हा काहींनी तेच अष्टग्रहीचे फळ म्हणून दाखवले. म्हणजे यज्ञांनी ते टळलेही होते आणि टळले नव्हतेही.

या पळवाटेला तोंड देण्याचा मार्ग अष्टग्रहीतच दडलेला आहे. ग्रह सगळ्या पृथ्वीला सारखेच होते. ज्या देशांत एकही यज्ञ झाला नाही आणि जेथे कोणाला अष्टग्रही हा शब्दही माहीत नव्हता, तेथेही प्रलय झाला नाही. म्हणून नेहमी हाच प्रश्न विचारावा: ज्यांनी उपाय केला नाही त्यांचे काय झाले? गावातील, भावकीतील, कार्यालयातील ज्या दहा जणांच्या पत्रिकेत तोच दोष सांगितला गेला, त्यांतील कोणी शांती केली, कोणी केली नाही, आणि पुढील दोन वर्षांत दोन्हीकडे काय घडले, ही नोंद कोणालाही करता येते. शांती सांगणारे ती कधी ठेवत नाहीत, हेही नोंदवण्यासारखे आहे.

पाचवी पायरी: फसलेली भाकिते मोजणे

जीन डिक्सन या अमेरिकन भविष्यवेत्तीची कीर्ती एका भाकितावर उभी होती. १९६० ची अध्यक्षपदाची निवडणूक डेमोक्रॅटिक पक्षाचा माणूस जिंकेल आणि तो पदावर असताना मरण पावेल किंवा मारला जाईल, असे तिचे म्हणणे १९५६ मध्ये एका मासिकात छापून आले होते. केनेडींची हत्या झाली आणि ती जगप्रसिद्ध झाली. १९६० मध्ये तिनेच निक्सन जिंकतील असे सांगितले होते, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहिले. बरोबर आलेले एक भाकीत गाजते आणि चुकलेली सगळी विरून जातात. जॉन अॅलन पॉलोस या गणितज्ञाने या प्रवृत्तीला डिक्सनचेच नाव दिले आहे.

शेअर बाजारातील ‘अचूक टिप’ देणारे गट याच तत्त्वाचा धंदा करतात. ६,४०० मोबाइल क्रमांक घ्यायचे. निम्म्यांना ‘हा शेअर आठवडाभरात वर जाईल’ आणि निम्म्यांना ‘खाली येईल’ असे कळवायचे. जे ३,२०० चुकले त्यांना सोडून द्यायचे, उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग करायचे. सहा आठवड्यांनी बरोबर १०० माणसे अशी उरतात की ज्यांनी सलग सहा अचूक भाकिते स्वतःच्या मोबाइलवर पाहिली आहेत. सातव्या आठवड्यात त्यांच्याकडे पैसे मागायचे. त्या शंभरांपैकी कोणालाही उरलेले ६,३०० दिसत नाहीत.

मुलगा की मुलगी हे सांगणाऱ्यांची युक्ती याहून जुनी आहे: तोंडाने एक सांगायचे आणि आपल्या वहीत दुसरे लिहायचे. बरोबर आले तर कोणी वही मागत नाही. चुकले तर ‘तुम्ही ऐकलेत चुकीचे, हे पाहा’ म्हणून वही पुढे करायची. काही जण चुकल्यास पैसे परत देण्याची हमी देतात आणि ती पाळतातही, कारण निम्म्या वेळा पैसे त्यांच्याकडेच राहणार असतात.

सगळी भाकिते, आधी ठरवलेल्या अटींवर, एकही न गाळता मोजली तर काय होते, याचे उत्तर महाराष्ट्रातच मिळालेले आहे. २००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर यांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह एक चाचणी घेतली. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० पत्रिका जमवल्या, आणि भाग घेऊ इच्छिणाऱ्या ज्योतिषांना त्यांतील प्रत्येकी ४० पत्रिका पाठवून कोणती कोणत्या गटातील ते विचारले. ५१ जणांनी पत्रिका मागवल्या, २७ जणांनी उत्तरे पाठवली. यशाचे सरासरी प्रमाण ४६ टक्के आले; नाणे उडवून ५० टक्के आले असते. किमान २८ उत्तरे बरोबर आली तर दखल घ्यायची, असा निकष होता. सर्वोत्तम ज्योतिषाची २४ बरोबर आली. एका ज्योतिष संस्थेने सर्व २०० पत्रिका पाहिल्या आणि १०२ बरोबर सांगितल्या. या चाचणीत ज्योतिषांचा कोठेही अपमान केलेला नव्हता, त्यांच्याच शास्त्राप्रमाणे त्यांना उत्तर द्यायचे होते, आणि घरातील चर्चेत मला ती म्हणूनच सर्वांत उपयोगी वाटते.

सहावी पायरी: मुदत संपल्यावर

मुदत संपली की त्याच दिवशी निकालाची ओळ भरावी. उद्यावर टाकू नये. कारण भाकीत फसल्यावरचे खुलासे फार लवकर तयार होतात आणि ते जगभर सारखेच असतात. अमेरिकेतील विल्यम मिलर याने येशूचे पुनरागमन आधी मार्च १८४३ ते मार्च १८४४ या वर्षात होईल म्हटले. मुदत टळली तेव्हा त्याच्या पंथाने २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. तोही दिवस गेला, तेव्हा काही अनुयायांनी सांगितले की घटना घडलीच, फक्त ती पृथ्वीवर न होता स्वर्गात झाली. रेडिओवरील प्रवचनकार हॅरल्ड कॅम्पिंग याने २१ मे २०११ ही तारीख दिली, लोकांनी आयुष्याची बचत त्याच्या जाहिरात-फलकांवर घातली. दिवस गेल्यावर ‘न्याय आध्यात्मिक पातळीवर झाला, खरा शेवट २१ ऑक्टोबरला’ असे त्याने सांगितले. पुढच्या वर्षी त्याने आपण चुकलो हे मान्य केले. एवढा प्रामाणिकपणा या धंद्यात दुर्मीळ आहे.

अगदी अलीकडे जपानमधील एका चित्रकथाकार स्त्रीच्या स्वप्नांवरून ५ जुलै २०२५ या दिवशी महाआपत्ती येणार, अशी अफवा पसरली आणि हाँगकाँगहून जपानला जाणाऱ्या विमानफेऱ्या प्रवाशांअभावी कमी कराव्या लागल्या. ५ जुलै शांतपणे गेला. ३० जुलैला रशियातील कामचाटकाजवळ ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला, जपानच्या किनाऱ्यावर मीटरभर उंचीच्या लाटा आल्या, आणि लगेच ‘जुलै म्हटले होतेच ना’ असे सुरू झाले. येथे वहीतील ‘चुकले कधी म्हणायचे’ हे वाक्य कामाला येते: तारीख, देश आणि हानी, तिन्ही आधी लिहिलेले असेल तर दुसऱ्या देशातील, पंचवीस दिवसांनंतरची घटना त्यात बसवता येत नाही.

हवामान खातेही चुकते, असे येथे कोणीतरी हमखास म्हणतो. चुकतेच. एप्रिल २००९ मध्ये खात्याने मोसमी पाऊस सरासरीच्या ९६ टक्के होईल असे म्हटले होते आणि प्रत्यक्षात ७८ टक्के झाला. पण ही चूक आज आपल्याला माहीत आहे ती खात्याच्याच नोंदीमुळे. अंदाज आकड्यात होता, सोबत संभाव्य चुकीची मर्यादा होती, जूनमध्ये आणि ऑगस्टमध्ये तो जाहीरपणे खाली आणला गेला, आणि शेवटी दोन्ही आकडे शेजारी छापले गेले. एखाद्या महाराजांच्या आश्रमातून ‘आमची गेल्या दहा वर्षांतील चुकलेली भाकिते’ अशी पुस्तिका निघेल त्या दिवशी दोघांना एका मापाने मोजू.

सातवी पायरी: पैसा आणि भीती

तपासणी घरगुती असली तरी काही ठिकाणी ती थांबवून तक्रारीकडे वळावे लागते. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा केवळ ज्योतिषाचा सल्ला देणे हा गुन्हा मानत नाही. तसा अपवाद त्यात आहे. मात्र अंगात अतींद्रिय शक्ती आहे असे भासवून लोकांच्या मनात भीती निर्माण करणे, सल्ला न मानल्यास वाईट परिणाम होतील अशी धमकी देणे, तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणे, कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखणे, ही कृत्ये त्यात येतात. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी आहे. तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे, आणि शेअरच्या टिप देणाऱ्याची सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेकडे नोंदणी आहे का ते पैसे देण्यापूर्वी पाहावे. रोख रक्कम देऊ नये, पावती मागावी, संदेश पुसू नयेत. आजारपणात औषध बंद करायला सांगणाऱ्याचे भाकीत तपासत बसू नये; रुग्णाला तडक दवाखान्यात न्यावे.

आठवी पायरी: घरच्यांशी बोलणे

सगळ्यांत अवघड पायरी हीच, आणि तिच्यासाठी युक्तिवाद कमी उपयोगी पडतात. ‘आई, ते महाराज फसवे आहेत’ असे म्हटले की आई महाराजांची बाजू घेते. ‘आई, महाराज दिवाळीपर्यंत काय होईल म्हणाले, ते एकदा वहीत लिहून ठेवू या का? तूच सांग, मी लिहितो’ असे म्हटले तर ती सांगते, कारण तिचाही विश्वास पणाला लागलेला असतो. दिवाळी आली की वही तिच्याच हाती द्यावी आणि निकालाची ओळ तिलाच भरू द्यावी. हसू नये. ज्यांनी पैसे घातले आहेत, चार नातेवाइकांना तेथे नेले आहे, त्यांना चूक कबूल करणे फार जड जाते, आणि आपल्या हसण्याने ते आणखी जड होते. काकांसमोर किंवा गटावर जाहीर उलटतपासणी घेतली तर माणूस महाराजांना सोडत नाही, आपल्याला सोडतो.

आणि भाकीत बरोबर आले तर? तेही त्याच शाईने, तितक्याच स्पष्टपणे लिहावे. मग त्याच व्यक्तीकडून आणखी वीस वाक्ये घ्यावीत, ज्यांची शक्यता दोन्ही बाजूंनी साधारण सारखी आहे अशी: अमुक सामना कोण जिंकेल, लासलगावच्या बाजारात अमुक दिवशी कांद्याचा सरासरी भाव आदल्या दिवसापेक्षा चढेल की उतरेल. निव्वळ अंदाजाने वीसपैकी पंधरा किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता सुमारे २ टक्के आहे, तेव्हा पंधराच्या खाली आले तर पुढे जाण्याचे कारण नाही. पंधरा आले तरी लगेच पाया पडू नये. पन्नास जणांची अशी परीक्षा घेतली तर त्यांतील एखादा केवळ योगायोगानेच पंधराचा टप्पा गाठेल, म्हणून त्या एकाची परीक्षा नव्या वीस वाक्यांवर पुन्हा घ्यावी.